भावातली तफावत म्हणजे ऑप्शनचे मोल नव्हे

नोकरदाराच्या हाती कंपनीचे ईसॉपचे, म्हणजे ठरलेल्या भावाने तिचे शेअर घेण्याचा हक्क (ऑप्शन) देणाऱ्या योजनेचे, पत्र पडले की शेअरच्या आजच्या बाजारभावातून करारात ठरलेला खरेदीभाव वजा करावा आणि उरेल ती रक्कम आपल्या हक्काची किंमत समजावी, हा हिशेब पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून इतक्या निःशंकपणे सांगितला जातो की, दोन्ही भाव समान निघाले तर या कागदाला कवडीचेही मोल नाही असा निवाडा देऊन सुशिक्षित माणसेही ते पत्र बाजूला टाकतात. हा समज साफ चुकीचा आहे, आणि कितीही वेळा खोडून काढला तरी तो पुन्हा तितक्याच आत्मविश्वासाने पुढे केला जातो, याचा मनस्वी त्रास होतो.

समजा, शेअरचा भाव आज १००० रुपये आहे, खरेदीभावही १०००च आहे, आणि मुदतीअखेर शेअर एक तर १२०० वर चढेल किंवा ८०० वर उतरेल. व्याजाची बाब तूर्त सोडून देऊ. भाव चढला तर हक्कधारकाच्या पदरात २०० रुपये पडतील. उतरला तर काहीच पडणार नाही, परंतु तोटाही होणार नाही, कारण खरेदी करण्याचा त्याला हक्क आहे, सक्ती नाही. आता ४०० रुपये कर्ज काढून अर्धा शेअर घेणाऱ्याचा जमाखर्च पाहा. भाव चढल्यास ६०० रुपयांतून कर्ज फेडून २०० उरतात. उतरल्यास हातातले ४०० कर्जफेडीतच संपतात. फलप्राप्ती दोघांची तंतोतंत सारखी, आणि दुसऱ्याला त्यासाठी पदरचे १०० रुपये घालावे लागले. तेव्हा ज्या हक्काची वजाबाकी शून्य येते, त्याचे मोल १०० रुपये ठरते. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी १९७९ साली मांडलेल्या पद्धतीचे बीज हेच.

या संपूर्ण हिशेबात शेअर चढण्याचा संभव किती, हे कोठेही विचारावे लागले नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑप्शनचे मूल्य म्हणजे तेजी-मंदीचे भाकीत, हा दुसरा भ्रम तेथेच गळून पडतो. ब्लॅक आणि शोल्स यांच्या १९७३ च्या सूत्रातही शेअरच्या अपेक्षित वाढीला स्थान नाही. स्थान आहे ते बाजारभाव, खरेदीभाव, मुदत, व्याजदर आणि चढउताराची तीव्रता यांना. दोन्ही भाव समान असताना कामचलाऊ अंदाजासाठी ब्रेनर आणि सुब्रह्मण्यम यांनी १९८८ साली दिलेला आडाखा पुरेसा आहे: शेअरचा भाव, वार्षिक चढउतार आणि वर्षांत मोजलेल्या मुदतीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराचे चार दशांश. भाव १०००, चढउतार ३० टक्के आणि मुदत तीन महिने असेल, तर उत्तर ६० रुपये येते.

वजाबाकीचा समज टिकून राहण्यास कायदेही काही अंशी जबाबदार आहेत. हक्क बजावण्याच्या दिवशी हीच तफावत पगारातील लाभ समजून तिच्यावर प्राप्तिकर आकारला जातो. अमेरिकेतही १९७२ च्या हिशेबनियमानुसार समान भावाच्या हक्कांचा खर्च शून्य दाखविता येई. तेथील मानक २००४ साली बदलले, आणि आपल्याकडील इंड एएस १०२ हेही वाजवी मूल्याचाच आग्रह धरते.

मुदत दुप्पट झाली म्हणजे मोल दुप्पट झाले, असेही नाही. वरच्या आडाख्यानुसार त्यासाठी मुदत चौपट लागते. दोन रुपयांना मिळणारा ऑप्शन स्वस्त नसतो, त्यातून काही हाती लागण्याचा संभवच अल्प असतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला, असे सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात नमूद आहे. सूत्राचे उत्तर अंतिम मानणेही गैर, कारण ते चढउतार स्थिर धरते, आणि ऑक्टोबर १९८७ च्या कोसळणीनंतर बाजारच निरनिराळ्या खरेदीभावांना निरनिराळा चढउतार लावीत आला आहे.

ईसॉपला सूत्राचे पूर्ण मोल देणे मात्र तितकेच चूक. तो हक्क दुसऱ्याला विकता येत नाही, आणि पक्का न झालेला भाग नोकरी सुटताच सामान्यतः रद्द होतो. म्हणून पक्क्या झालेल्या हक्कांची बजावणी नोकरी सोडल्यावर किती दिवसांत करावी लागते, हे राजीनामा देण्यापूर्वी योजनेच्या दस्तऐवजात स्वतः वाचून घ्यावे.