हुलकावणी देणारा दोष

यंत्राविषयी आपल्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते. माणूस लहरी असतो, यंत्र लहरी नसते. तीच कळ दाबली की तेच फळ मिळावयाचे. परंतु संगणकावर काम करणाऱ्यांना असे दोष नेहमी भेटतात, की जे एका यंत्रावर दिसतात आणि शेजारच्या यंत्रावर दिसत नाहीत. तक्रार करावी तर ठरावीक उत्तर मिळते : "आमच्याकडे तर सारे सुरळीत चालते!" हे उत्तर खरे असूनही अपुरे का असते, ते एका उदाहरणाने पाहू.

माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जो दुभाषी, त्यास कंपायलर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला जीसीसी हा त्यांपैकी एक नामांकित कंपायलर होय. रूपांतर करताना त्याला असंख्य टिपणे संगणकाच्या स्मृतीत मांडावी लागतात. निरुपयोगी झालेली टिपणे तो अधूनमधून झाडून टाकतो. कधी कधी मात्र स्मृती पुरत नाही, आणि काम अर्ध्यावर कोसळते.

आता ही झाडणी केव्हा होते? ज्या घरी भांडी मोजकी, तेथे ती वारंवार घासावी लागतात. जेथे मांडणी भरलेली, तेथे खरकट्याचा ढीग संध्याकाळपर्यंत साचला तरी चालते. जीसीसीचेही असेच आहे. सामान्यतः यंत्राच्या स्मृतीच्या अष्टमांशाइतका पसारा होईपर्यंत तो झाडूला हात लावीत नाही; मात्र ही मर्यादा ४ मेगाबाइटांहून कमी आणि १२८ मेगाबाइटांहून जास्त नसते. पुढे, यंत्रात १ गिगाबाइट किंवा अधिक स्मृती असल्यास पसारा दुप्पट झाल्यावर पुन्हा झाडणी होते. स्मृती कमी असल्यास त्याआधीच. म्हणजे तोच कंपायलर, तीच आज्ञावली, पण घर बदलले की वागणूक बदलली!

दुसरे कारण शेजाऱ्यांचे. मोठे काम लवकर उरकावे म्हणून एकाच यंत्रावर आठ-आठ कंपायलर एकदम चालवितात. प्रत्येकाची भूक एकट्याने परवडणारी असते, आठांची मिळून परवडत नाही. स्मृती संपत आली की लिनक्स ही कार्यप्रणाली एखाद्या प्रोग्रामाचा, बहुधा सर्वांत जास्त स्मृती व्यापणाऱ्याचा, बळी घेते. नंतर तेच काम एकट्याने करून पाहावे, तर निर्विघ्न पार पडते. दोष पळाला असे वाटते. वस्तुतः गर्दी पांगलेली असते.

मग शोध कसा घ्यावा? प्रथम परिस्थिती बांधून टाकावी. आज्ञावली, तिने बाहेरून ओढून घेतलेला सर्व मजकूर, कंपायलरची आवृत्ती व दिलेला आदेश जसेच्या तसे जपून ठेवावे. मोठ्या यंत्रावर मुद्दाम स्मृतीची मर्यादा घालून लहान यंत्राची अडचण निर्माण करावी. झाडणीची दोन्ही प्रमाणे शून्यावर आणली म्हणजे जीसीसी संधी मिळताच प्रत्येक वेळी झाडतो. काम अतिशय मंदावते, पण प्रश्न उलगडू लागतो. स्मृतीचा वापर एकदम उतरला, तर तो केवळ साचलेला केर होता. उतरला नाही, तर कोणीतरी टिपणे धरून बसले आहे, किंवा ती झाडूच्या कक्षेबाहेर आहेत, किंवा कामच तेवढे अवाढव्य आहे.

नंतर अर्धे-अर्धे करण्याची युक्ती. दोन आवृत्त्यांमध्ये १००० बदल झाले असतील, तर मधोमध तपासत गेल्यास सुमारे १० चाचण्यांत अपराधी बदल हाती लागतो. परंतु एकही चाचणी खोटे बोलली तर पुढची सारी वाट चुकते. समजा, दोष सरासरीने चार वेळांत एकदाच दिसतो. तर सलग १० वेळा तो दिसला नाही, तरी चुकण्याचा संभव शेकडा ५ ते ६ राहतो. तो शेकडा १ वर आणण्यास १६ वेळा तपासावे लागते. म्हणून दोष आधी हुकमी करावा आणि मगच अर्धे-अर्धे करण्यास बसावे. घाई करणारा येथेच फसतो.

ज्याच्याजवळ मोठे यंत्र आहे, तोच बहुधा दुरुस्ती करणारा असतो. आणि ज्याचे काम कोसळते, तो बहुधा लहान यंत्रावर बसलेला विद्यार्थी असतो. दोघेही खरेच बोलत असतात. यंत्र लहरी नव्हते. त्याच्या वागण्याची काही कारणे आपण मोजलीच नव्हती. तेव्हा "आमच्याकडे होत नाही" या वाक्याने तपास संपवू नये. "मग तुमच्याकडे निराळे काय आहे?" असे विचारावे, आणि तेथून तपासास आरंभ करावा.