घरची मोटारसायकल : काय करावं आणि काय करू नये



या पानावर मी नेहमी बेणं, खतमात्रा, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय वेगळा आहे. कारण असं घडलं की, लागणीच्या नोंदी घेत असताना एक जुने सभासद गट ऑफिसात आले. वयाने माझ्यापेक्षा मोठे, आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "साहेब, धाकट्यानं जुनी बुलेट कापून ठेवलीया. बॉबर का काय म्हणतोय. उसाचा हप्ता आला की त्यातलं पैसं पायजेत म्हणून बसलाय. देऊ का नको, तुमीच सांगा."

मी शेतकी पदविकेचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण नोकरीची वीस वर्षं दुचाकीवर शिवार फिरण्यात गेली, आणि कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या जाणत्या मंडळींजवळ बसून लोखंडाबद्दल चार गोष्टी शिकलो. म्हणून म्हटलं, "तात्या, आधी गाडी बघू, मग बोलू." गाडी पाहिली. त्यातून जे ध्यानात आलं ते सर्वांच्या उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

बॉबर म्हणजे काय?

हा प्रकार अमेरिकेतला. घोड्याची शेपटी आखूड कापण्याला तिकडे 'बॉब' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. १९३० ते १९५० च्या सुमारास तिथल्या तरुणांनी हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या कंपन्यांच्या जड गाड्या हलक्या करायला सुरुवात केली. पुढचा मडगार्ड काढायचा, मागचा अर्धा कापायचा, लांब सीट काढून एका माणसाची बैठक लावायची, गरजेविना असलेलं सगळं उतरवायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या हार्ले गाड्या स्वस्तात विकायला निघाल्या, तेव्हा ही हौस जास्तच फोफावली.

इथे एक फरक ध्यानात घ्या. 'चॉपर' नावाच्या प्रकारात चेसिसच कापतात आणि पुढचे फोर्क लांब करतात. मूळच्या बॉबरमध्ये चेसिसला सहसा हात लावत नसत. खोडवा राखताना आपण बुडखे जमिनीलगत छाटतो, पण मुळाला धक्का लावत नाही. तसंच हे.

दुसरी गोष्ट. जुन्या चित्रांत बॉबरला मागे स्प्रिंग दिसत नाही, म्हणून आजची पोरं बुलेटचा मागचा भाग कापून सरळ नळ्या वेल्ड करतात. पण हार्लेच्या मोठ्या गाड्यांना १९५८ पर्यंत मागे स्प्रिंग नव्हतीच. त्या गाड्या तशाच घडवलेल्या होत्या. बुलेटला तर १९४९ पासून मागे स्प्रिंग आहे. तिची चेसिस त्या हिशेबाने केलेली आहे. ती कापून सरळ नळ्या जोडल्या की खड्ड्याचा सगळा दणका वेल्डिंगच्या सांध्यावर बसतो.

ट्रॅक्टरच्या आसातून इंजिनाचा भाग

घरी बनवलेल्या भागांचं बोलायचं तर न्यूझीलंडच्या बर्ट मन्‍रो यांचं उदाहरण सांगितलं पाहिजे. त्यांची गाडी बॉबर नव्हती, शर्यतीची होती. पण हाताने भाग घडवणारा असा माणूस विरळा. जन्म १८९९ चा, बालपण शेतावर गेलेलं. १९२० मध्ये त्यांनी ६०० सी.सी.ची 'इंडियन स्काऊट' गाडी घेतली. तिचा वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास. पुढची चाळीसहून अधिक वर्षं ते तीच एक गाडी सुधारत राहिले. पिस्टन त्यांनी घरी ओतले, जुन्या डब्यांचा साचा करून. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढले आणि त्यांना पाणी दिलं. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनेव्हिल इथल्या मिठाच्या मैदानावर त्यांनी ताशी १८४ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर वेगाचा विक्रम केला.

हे वाचून कोणी म्हणेल, "मग आमच्या पोरानं का करू नये?" करावं, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. एक, त्यांनी मिळेल तो तुकडा उचलला नाही. आसाला ताण आणि पीळ सोसावा लागतो, त्यासाठी पोलादच तसं वापरतात, हे ओळखून निवडला. दुसरं, त्यांचे कितीतरी भाग तुटले. ते तुटलेले भाग त्यांनी फळीवर मांडून ठेवले होते. विक्रमाला ते उतरले ते मोकळ्या मैदानावर. आपल्याकडे गाळप हंगामात रात्री रस्त्यावर उसाचे ट्रेलर उभे असतात, आणि बऱ्याच ट्रेलरना मागे लाल दिवाही नसतो.

लोखंड लोखंडात फरक

आपण सगळ्याला लोखंडच म्हणतो. पण जाती वेगळ्या आणि गुणही वेगळे.

१. साधं मऊ पोलाद, म्हणजे पत्रा, पट्टी, अँगल. हे तुटण्याआधी वाकतं आणि साध्या रॉडने वेल्ड होतं. मडगार्ड, बॅटरीची पेटी, बैठकीचा पत्रा यांना चांगलं.

२. पाट्याचं पोलाद, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. कोयता-कुऱ्हाडीला उत्तम. पण न तापवता वेल्ड केलं तर सांध्याशेजारचा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो. वरून वेल्डिंग सुरेख दिसतं, आत धोका असतो.

३. बीड. हे वाकत नाही, एकदम तुटतं. जिथे धक्का बसतो तिथे वापरू नये.

४. पाण्याची गॅल्व्हनाइज्ड पाईप. चेसिससाठी ही मुळीच घेऊ नये. शिवाय वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, त्याने अंगात ताप भरतो.

बोल्टचंही तसंच. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर तो दर चौरस मिलीमीटरला सुमारे ८० किलोचा ताण सोसून मग तुटतो. ४.६ चा साधा बोल्ट सुमारे ४० किलोला तुटतो. डोक्यावर काहीच आकडा नसेल तर चाक, ब्रेक आणि फोर्क यांच्यापाशी तो वापरू नका.

लोखंड थकतं कसं?

तार एकदा वाकवली तर तुटत नाही, दहा वेळा इकडे-तिकडे वाकवली की तुटते. गाडीचंही तेच. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरतं, म्हणजे सेकंदाला ५०, तासाला १,८०,०००. तितके हादरे प्रत्येक सांध्याला बसतात. वेल्डिंगची कड, बोल्टचे आटे, करवतीचा ओरखडा, अशा ठिकाणी बारीक चीर सुरू होते आणि रोज केसाएवढी पुढे सरकते. शेवटी एके दिवशी भाग तुटतो, तोही कुणाला सांगून नव्हे.

माझाच अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या गाडीचा मागच्या ब्रेकचा रॉड मी एका ठिकाणी साध्या सळईला आटे पाडून करून घेतला होता. चार महिने छान चालला. एका संध्याकाळी पाटाच्या उतारावर पाय दाबला, तर पायाखाली काहीच नाही. आट्यापाशी तुटला होता. उसाच्या फडात शिरलो म्हणून वाचलो. मनगटाचं हाड मात्र मोडलं, अजून थंडीत दुखतं.

तात्यांच्या पोराची गाडी

आता गाडीकडे येऊ. पोराचा हात चांगला आहे, हे मोकळेपणाने सांगतो. ट्रॅक्टरच्या जुन्या सीटचा पत्रा ठोकून त्याने दोन स्प्रिंगांवर अशी बैठक केलीय की बाजारात मिळणार नाही. मागचा मडगार्ड कापून कड सुरेख वळवलीय. पण पुढच्या फोर्कला आधार म्हणून त्याने पाट्याचा तुकडा वेल्ड केला होता. मी विचारलं, "हे कशाला रे?" म्हणाला, "साहेब, मजबुतीला."

वर्कशॉपच्या फोरमननी तिथला रंग खरवडला, रॉकेल लावून अर्धा तास ठेवलं, कोरडं पुसलं आणि खडूची पूड चोळली. थोड्या वेळात पांढऱ्या खडूवर एक बारीक ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. गाडी अजून गावाबाहेरही गेली नव्हती. पोरगं गप्प झालं. तात्या तर भिंतीला टेकून खालीच बसले. मग पोरानेच ग्राइंडर घेतला आणि तो आधार कापून काढला. फोर्क मात्र बाद झाला. तो आता बाजारातून नवा आणायचा ठरलं.

ही रॉकेल-खडूची तपासणी आपल्या ट्रेलरच्या हुकालाही करावी. आणि हुकाची पिन बांधकामाच्या सळईची कधीही करू नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आर.सी.तल्या नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या सुरुवातीस सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं असावं, असा नियम आहे. अपघात झाला तर विम्याचीही अडचण येते. ज्याला बॉबर चालवायचीच हौस आहे, त्याच्यासाठी आता कारखान्यातूनच मंजूर होऊन आलेल्या गाड्या आहेत. जावा पेराक २०१९ मध्ये आली, रॉयल एनफिल्डची गोअन क्लासिक २०२४ मध्ये.

तात्पर्य

बैठक, पेटी, हँडलच्या मुठी, दिव्याची कडी हे घरी करा. चेसिसची मान, फोर्क, आस, ब्रेक आणि चाक यांना घरचा भाग लावू नका. जे कराल ते बोल्ट काढून पूर्ववत करता येईल असं करा, आणि मूळचे भाग विकू नका. नोंदीत बदल होत असेल तर आधी आर.टी.ओ.त विचारा. तोवर गाडी आपल्या बांधाच्या आतच चालवा.

तात्यांना मी म्हटलं, "पैसे द्या, पण फोर्कचे आणि हेल्मेटचे. आणि पोराला आय.टी.आय.त घाला." तात्या म्हणाले, "शिकून पुन्हा गाडीच कापंल." मी म्हटलं, "कापू दे. पण तेव्हा कुठं कापायचं नाही ते त्याला कळलेलं असेल."

पुढील अंकी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहीन. आपले प्रश्न गट ऑफिसात जरूर कळवावेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी