वाइट्सेनबॉक : गव्हाच्या गडद बिअरचा आस्वाद

महाराष्ट्रात ‘स्ट्राँग’ बिअर म्हटले की लवकर चढणारी बिअर, एवढाच अर्थ बहुधा घेतला जातो. जर्मनीत मात्र ‘श्टार्कबिअर’ हा वर्ग धान्यावरून ठरतो. आंबवण्यापूर्वीच्या द्रवात धान्याचा अर्क किमान १६ टक्के असावा लागतो. मद्यार्क हा त्या दाटपणाचा परिणाम असतो. वाइट्सेनबॉक ही या वर्गातील गव्हाची बिअर. तिचे बळ धान्यात आहे, हे ध्यानात आले की ती कशी प्यावी हेही आपोआप उमगते.

बव्हेरियातील १५१६ च्या शुद्धता नियमाने बिअरसाठी केवळ बार्ली, हॉप्स आणि पाणी यांनाच मान्यता दिली होती. गव्हाच्या बिअरचा हक्क पुढे दीर्घकाळ राजघराण्याकडे राहिला. १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी तो मिळवला आणि १९०७ मध्ये त्यांच्या घराण्याच्या ब्रुअरीने ‘आव्हेन्टिनुस’ ही गडद, दाट बिअर बाजारात आणली. आज ती केलहाइम येथे तयार होते, तिच्यात ८.२ टक्के मद्यार्क असतो. या प्रकाराचा नमुना म्हणून जाणकार तिच्याकडेच बोट दाखवतात.

पेला नाकाजवळ नेताच पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध येतो. बिअरमध्ये यांपैकी काहीही घातलेले नसते; ही सारी किमया यीस्टची. केळ्याचा गंध आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा, तर लवंगेचा गंध धान्यातील फेरुलिक आम्लापासून यीस्टने घडवलेल्या द्रव्याचा. मनुका, खजूर, कॅरॅमल आणि पावाच्या खरपूस कडेची आठवण देणारी चव मात्र भाजलेल्या माल्टची. हॉप्सचा कडवटपणा येथे मागेच राहतो.

म्हणूनच ही बिअर बर्फासारखी थंड करू नये, कारण अतिथंडपणात गंध दबतात. साधारण १० अंश सेल्सिअस तापमान योग्य. उंच पेला आधी थंड पाण्याने विसळावा, तिरका धरावा आणि बाटलीतील बिअर सावकाश ओतावी. तळाशी थोडी उरली की बाटली हलकेच फिरवून साका ढवळावा आणि तोही पेल्यात घ्यावा. तो यीस्टचा साका आहे, बिअर खराब झाल्याची खूण नव्हे. पहिला घोट घेतल्यावर थोडे थांबावे. पेला कोमट होत जाईल तशी सुक्या मेव्याची गोडी वर येते.

सोबतीला भाजलेले बदक, मुरलेले चीज किंवा काळ्या चॉकलेटचा गोड पदार्थ शोभतो. तिखटजाळ रश्शासमोर मात्र तिचे बारकावे हरवतात.

एक हिशेब विसरू नये. अशा अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत ४१ मिलिलिटर मद्यार्क असतो, म्हणजे ५ टक्क्यांच्या नेहमीच्या बिअरच्या ८०० मिलिलिटरहून अधिक. गोडसरपणामुळे तो जिभेला जाणवत नाही आणि फसगत होते. त्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. एकच बाटली दोघांत वाटून, गप्पांच्या ओघात तासभर पुरवावी. या बिअरची खरी चव अशा संथपणातच कळते.