एका अक्षराची चूक

घरात कांजिण्या आल्या की अंथरुणावर कडुलिंबाचा पाला येतो, शाळा बुडते आणि आठ-दहा दिवसांत पोर पुन्हा अंगणात हुंदडू लागते. अमेरिकेतल्या आमिश लोकांच्या काही घरांत मात्र हाच आजार मुलांच्या जिवावर बेतत होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डॉ. व्हिक्टर मॅककुसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली अशा मुलांची नोंद केली. उंची फारच कमी, केस विरळ आणि रेशमासारखे बारीक, आणि कांजिण्यांपुढे शरीर हतबल. आमिश लोक आजही घोडागाडीतून फिरतात, लग्ने आपसातच करतात आणि वंशावळी जपून ठेवतात. त्या वंशावळींवरून उलगडले, की धडधाकट आई आणि धडधाकट वडील, दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल आजारी निघते. फिनलंडमध्येही हा आजार आहे. तिथे साधारण २३ हजार जन्मांमागे एक.

दोष नेमका कुठे, हे कळायला २००१ साल उजाडले. जनुक म्हणजे प्रथिनाची पाककृती, असे आपण शाळेत शिकलो. पण नवव्या गुणसूत्रावर सापडलेले हे जनुक प्रथिन बनवतच नाही! त्यापासून निघतो आरएनएचा जेमतेम २७० अक्षरांचा तुकडा, आणि तोच थेट कामाला लागतो. बहुतेक रुग्णांत त्यातल्या एका जागी 'ए'ऐवजी 'जी' आलेला असतो. बस्स, एवढेच.

काम कसले? पेशीतली प्रथिने रायबोसोम नावाच्या यंत्रावर तयार होतात. या यंत्रातला मोठा भाग आरएनएचाच; पण तो आधी एका लांबलचक धाग्यात, नको त्या तुकड्यांसह तयार होतो. शिंपी ठाणातून कापड बेततो तसा तो कापावा लागतो. आपला हा तुकडा काही प्रथिनांना हाताशी धरून त्यातला एक काप घेतो. त्याच्या 'एमआरपी' या नावातला 'एम' मात्र मायटोकॉन्ड्रियाचा, कारण १९८०च्या दशकात तो तिथला कामगार म्हणून ओळखला गेला. पुढे कळले, की त्याचा मुख्य मुक्काम केंद्रकातल्या केंद्रिकेत, म्हणजे रायबोसोमच्या कारखान्यातच असतो. नाव राहिले ते राहिलेच.

कात्री बोथट झाली की झळ आधी लागते ती भराभर वाढणाऱ्या पेशींना, असा शास्त्रज्ञांचा एक तर्क आहे. हाडांच्या टोकांची कूर्चा, केसांची मुळे, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, साऱ्या त्यातल्याच. अस्थिमज्जेचे रोपण केले तर प्रतिकारशक्ती सावरू शकते. उंची मात्र वाढत नाही. आणि कांजिण्यांची लस? तिच्यात दुर्बल केलेला, पण जिवंत विषाणू असतो. म्हणून या मुलांना ती टोचण्याआधी त्यांची प्रतिकारशक्ती तपासून पाहावी लागते.