धानाच्या पानाचा हिरवेपणा आणि ताठपणा

तिरोडा, गोरेगावच्या धान पट्ट्यात रोवणीनंतर बांधी गर्द हिरवी दिसली की पीक जोमदार समजले जाते. परंतु रंग आणि बळकटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पानाच्या पेशीत त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत.

रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या कापात सूक्ष्मदर्शकाखाली जे कप्पे पाहिले, त्या मृत पेशींच्या भिंती होत्या. जिवंत पेशीत भिंतीच्या आत एक पातळ पटल असते. कोणते क्षार आत घ्यावयाचे, ते हे पटल ठरविते. केंद्रकात वाणाचे आनुवंशिक गुण असतात, तर तंतुकणिका साखरेपासून शक्ती मिळवून देतात.

हरितलवके हा पेशीतील स्वयंपाक. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून येथे साखर तयार होते. पानातील बहुतेक नत्र याच हरितलवकांत गुंतलेले असते. युरिया दिल्यावर पान गर्द होते ते यामुळेच.

पेशीच्या मध्यभागी रिक्तिका ही पाण्याची पिशवी असते. हवा भरलेली ट्यूब टायरला ताठ ठेवते, तशी ती भिंतीवर आतून दाब देते. बांधी सुकली की पानाच्या वरच्या बाजूच्या काही मोठ्या पेशींतील हा दाब उतरतो व पान सुरळीसारखे गुंडाळते.

राहिली भित्तिका. ती मुख्यतः सेल्युलोजची असते. पण धान हे जमिनीतून भरपूर सिलिका उचलणारे पीक आहे. ही सिलिका पानाच्या बाह्यत्वचेत, मेणाच्या थराखाली जमते. धानाच्या पानावरून हात फिरविल्यास जाणवणारा खरबरीतपणा बराचसा तिचाच. करपा रोगाची बुरशी पानाला चिकटून हवेच्या दाबाच्या सुमारे 80 पट दाबाने भिंत भोसकते. सिलिकायुक्त भिंत तिला अडथळा करते. नत्र जास्त झाले, की पेशी भराभर वाढतात, भिंती मऊ राहतात, सिलिकाचे प्रमाण घटते. मग गर्द बांधीतच करपा आधी दिसतो आणि लोंबी भरताना धान लोळते.

म्हणून युरिया बंद करावा असे नाही. नत्राविना हरितलवकेच तयार होणार नाहीत. शिफारशीइतकेच नत्र द्यावे, तेही हप्त्यांनी. शेजाऱ्याची बांधी अधिक काळसर दिसते म्हणून आणखी एक पोते टाकू नये.

भित्तिकेचा माल मात्र राइस मिलजवळच पडलेला असतो. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. चारसूत्री भात लागवड पद्धतीत पऱ्ह्यांच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख पेरणीपूर्वी मातीत मिसळण्याची शिफारस आहे. राख काळी असावी. फार तापून पांढरी झालेल्या राखेतील सिलिका पिकाला सहज मिळत नाही. तणसातही सिलिका भरपूर असते. जनावरांना पुरून उरलेले तणस चिखलणीपूर्वी बांधीत गाडावे.