विश्लेषण : वॉचमन, कॅमेरे आणि वर्गणी... स्वखर्चाच्या सुरक्षेने गुन्हे खरेच घटतात का?

उल्हासनगरचे कॅम्प असोत, अंबरनाथच्या वसाहती असोत की बदलापूरची नवी गृहसंकुले. पोलीस असतानाही रहिवासी आणि व्यापारी सुरक्षेसाठी वेगळे पैसे मोजतात. तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ चारमध्ये येतात. या खर्चाने चोऱ्या थांबतात, की शेजारच्या गल्लीत सरकतात?

वर्गणीची सुरक्षा म्हणजे काय?

सोसायटीचा वॉचमन, गेटवरचे कॅमेरे आणि दुकानदारांनी मिळून ठेवलेला रात्रीचा गुरखा, ही तिची आपल्याकडची रूपे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये तिला कायदेशीर चौकट आहे. तेथे एखाद्या भागातील मतदारांनी मंजुरी दिली की मालमत्ता करासोबत सुरक्षा शुल्क घेतले जाते आणि त्यातून गस्त चालते. आपल्याकडे हा निर्णय सोसायटीच्या पातळीवर होतो. आदर्श उपविधींनुसार वॉचमनचा खर्च सर्व सदनिकांना समान येतो. वन रूम किचनवाल्याला आणि टू बीएचकेवाल्याला सारखाच.

अभ्यास काय सांगतात?

लॉस एंजेलिसमध्ये व्यापारी आणि मालमत्ताधारकांच्या पैशातून चालणाऱ्या क्षेत्रांचा ‘रँड’ संस्थेने अभ्यास केला. २००९च्या अहवालानुसार तेथे लूटमार सुमारे १२ टक्के आणि एकूण हिंसक गुन्हे सुमारे ८ टक्के कमी झाले. मात्र ही क्षेत्रे केवळ रक्षक ठेवत नव्हती. सफाई आणि परिसर सुधारणेवरही खर्च करत होती. त्यामुळे सगळे श्रेय रक्षकाला देता येत नाही.

कॅमेऱ्यांचे काय?

सीसीटीव्हीवरील ४० वर्षांच्या संशोधनाचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुन्ह्यांत सरासरी १३ टक्के घट दिसली. सर्वाधिक फायदा वाहनतळांवर झाला आणि हिंसक गुन्ह्यांवर ठोस परिणाम आढळला नाही. कोणी प्रत्यक्ष लक्ष ठेवत असेल, तर कॅमेरा अधिक उपयोगी ठरतो. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात २ फेब्रुवारी २०२४ रोजी झालेला गोळीबार कॅमेऱ्यात टिपला गेला, पण टळला नाही. बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४च्या अत्याचार प्रकरणातील संशयित तेथेच कामाला होता. म्हणूनच त्यानंतर राज्य सरकारने शाळांना कॅमेऱ्यांसोबत कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचेही आदेश दिले. सोसायट्यांनाही हाच धडा लागू होतो.

वॉचमनला अधिकार किती?

खासगी सुरक्षा एजन्सीला २००५च्या कायद्यानुसार परवाना लागतो. केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकासाठी १०० तास वर्गातील आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. पण तो पोलीस नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणताही नागरिक आरोपीला पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडे द्यावे लागते. संशयावरून कोंडून ठेवणे वा मारहाण करणे हा उलट गुन्हा ठरतो.

चोर शेजारी सरकतो का?

दरवेळी नाही. १०२ मूल्यमापनांच्या २००९च्या आढाव्यात सुमारे २६ टक्के नोंदींत गुन्हे शेजारी सरकल्याचे दिसले, तर २७ टक्क्यांत शेजाऱ्यांनाही फायदा झाला. खरा प्रश्न विषमतेचा आहे. चाळीत किंवा नोंदणीकृत सोसायटीच नसलेल्या इमारतीत वर्गणी कोण काढणार? अशा ठिकाणी पोलिसांची गस्त आणि रस्त्यावरचे दिवे हाच आधार.

मग परिणाम मोजायचा कसा?

लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या की वॉचमन ठेवला जातो. पुढच्या वर्षी एकही झाली नाही, तर श्रेय त्याला मिळते. पण वाईट वर्षानंतरचे वर्ष अनेकदा आपसूकच बरे जाते. म्हणून आधीची आणि नंतरची किमान दोन-तीन वर्षे पाहावीत आणि वॉचमन नसलेल्या शेजारच्या भागाशी तुलना करावी. एका सोसायटीतील आकडे फार लहान असतात. आठ-दहा सोसायट्यांनी एकत्र नोंद ठेवली तर चित्र स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. त्यांचीही मदत होते. मात्र एक सावधगिरी हवी. कॅमेऱ्याचा पुरावा हाती आला की लोक जास्त तक्रारी करतात. त्यामुळे सुरुवातीला आकडा वाढला, तरी गुन्हे वाढलेच असे नाही.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. सुरक्षेचा खर्च मंजूर करताना तीन गोष्टी विचारता येतील : एजन्सीचा परवाना आहे का, रक्षकाची पोलीस पडताळणी झाली का आणि वर्षभरातील चोऱ्यांची नोंद कुठे आहे? ही नोंद नसेल, तर पुढच्या वर्षीही खर्च केवळ अंदाजाने मंजूर होईल.