कानाला पुढचं पान दिसत नाही

पुण्यातला चांदणी चौक मागे पडला. भूगावात कंपनीची बस नेहमीसारखी मुंगीच्या पावलानं सरकू लागली आणि माझ्या कानातल्या गोष्टीत फोन वाजला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, “मला सगळं माहीत आहे. मी पाहिलंय. उद्या पुन्हा फोन करीन.” पिरंगुटचा घाट चढेपर्यंत ती तीन वाक्यं मी चारदा मागे नेऊन ऐकली. फोनवर बाई होती की पुरुष?

सगळी गोष्ट एकच माणूस वाचत होता, त्यामुळे आवाजावरून काही कळेना. मग उलगडलं, की लपवाछपवी वाचणाऱ्यानं नव्हे, मराठीनंच केली होती! आपल्या भाषेत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटलं की बोलणारा लगेच उघडा पडतो. ‘मी पाहिलं’ मात्र बाईचंही तेच आणि पुरुषाचंही तेच. ‘मला माहीत आहे’, ‘मी फोन करीन’ यांचंही तसंच. त्या अज्ञात व्यक्तीच्या तोंडून चुकून एक ‘मी तिथंच होते’ निसटलं असतं, तर निम्मं रहस्य तिथंच संपलं असतं. इंग्रजी लेखकाला ही कसरत करावीच लागत नाही. मराठी रहस्यकथा लिहिणारा मात्र एकेक क्रियापद तोलून मापून टाकतो. इतकी वर्षं डोळ्यांनी वाचताना हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

कान आणि रहस्यकथा यांची सोबत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज ओळखून ब्रिटनमध्ये अंधांसाठी बोलकी पुस्तकं काढायचं ठरलं आणि 1935 साली पहिल्या तबकड्या आल्या. एका बाजूवर सुमारे 25 मिनिटं मावत. सुरुवातीच्या पुस्तकांत कोणतं होतं? अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’! ज्यांनी ती वाचली आहे ते आत्ता गालात हसतील, कारण त्या कादंबरीतली गंमत गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजातच आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांना याहून जास्त सांगणं हा गुन्हा ठरेल.

ऐकणं म्हणजे वाचनाची पळवाट, असं मानणारे पुष्कळ आहेत. 2019 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी नऊ जणांना गोष्टी ऐकवल्या, त्याच वाचायलाही दिल्या आणि दोन्ही वेळा मेंदूचे स्कॅन घेतले. शब्दांचा अर्थ मेंदूत जिथं जिथं उमटला, त्याचे दोन्ही नकाशे जवळपास सारखे निघाले. मला त्यातला एक बारकावा फार आवडतो. वाचतानाही पडद्यावर एका वेळी एकच शब्द, बोलण्याच्या वेगानं दाखवला होता. म्हणजे पुढं डोकावायची सोय काढून घेतली होती.

रहस्यकथेला हवं असतं ते नेमकं हेच. पुस्तक हातात असलं की डोळा चोरून पान संपायच्या आत खालच्या ओळीवर उडी मारतो. किती पानं उरलीत हे अंगठ्याला कळत असतं, म्हणून ‘हा खरा खुनी नव्हे’ असा अंदाजही बांधता येतो. कानाला यातलं काही जमत नाही. तो त्या क्षणाच्या शब्दाशी बांधलेला असतो.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांसाठी घराघरांत पुस्तकांची ओढाओढ चाले. पुढं सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला, वकील अमर विश्वास आला. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं अ‍ॅप भारतात आलं आणि मराठी गोष्टी मोबाइलवर ऐकायची सवय वाढली. सुरुवात करायची तर माझं मत शिरवळकरांना. त्यांची माणसं फटाफट बोलतात आणि संवाद कानाला चटकन पकडता येतात. नावांची गर्दी असलेली गोष्ट पहिल्या खेपेला घेऊ नका, माणसं हरवतात.

आणि पिरंगुटच्या घाटात गाडी स्वतः चालवत असाल, तर शेवटचं प्रकरण घरी पोचल्यावरच लावा.